संगणकाच्या दाराची किल्ली कोणाकडे?

संगणकाचे बटण दाबले की पडद्यावर काय येते? एखादे सुंदर चित्र येते, घड्याळ येते आणि पाठोपाठ एक रिकामी चौकट येते. त्या चौकटीतून संगणक आपल्याला एकच प्रश्न विचारत असतो : आपण कोण? आपण परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, टाइप करतो आणि दार उघडते. रोजचीच गोष्ट असल्यामुळे तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. पण विद्यार्थिमित्रांनो, तुमचा शब्द बरोबर आहे हे ठरवले कोणी? तुमच्या टेबलावरच्या यंत्राने, की हजारो किलोमीटर दूर असलेल्या दुसऱ्याच एखाद्या यंत्राने?

दोन्ही गोष्टी शक्य आहेत. अशी कल्पना करा, की दोन वसतिगृहे आहेत. पहिल्यात प्रत्येक मुलाच्या खोलीला स्वतःचे कुलूप आहे आणि किल्ली त्या मुलाच्या खिशात आहे. दुसऱ्यात दारावर एक रखवालदार आहे. मुलगा आला की तो दूरच्या मुख्य कार्यालयाला फोन करतो, “अमुक मुलगा आला आहे, आत सोडू का?” असे विचारतो आणि होकार मिळाला की दार उघडतो. पहिल्या वसतिगृहात किल्ली हरवली तर कुलूप फोडण्यावाचून गत्यंतर नाही. दुसऱ्यात कार्यालयाकडे ओळख पटवली की काम भागते. मात्र मुलगा केव्हा आला, केव्हा गेला, हे कार्यालयाला कळत राहते. संगणकाच्या जगात पहिल्या व्यवस्थेला स्थानिक खाते म्हणजे लोकल अकाउंट म्हणतात, आणि दुसरीला ऑनलाइन खाते. दुसऱ्या वसतिगृहातून पहिल्यात राहायला जायचे असेल तर काय करावे, आणि निघण्यापूर्वी कोणती वस्तू आठवणीने बरोबर घ्यावी, हे या लेखात पाहावयाचे आहे.

शब्द न ठेवता शब्द ओळखणे

प्रथम स्थानिक खाते कसे चालते ते पाहू. परवलीचा शब्द बरोबर आहे की नाही हे ठरवण्यासाठी संगणकाने तो शब्द कोठेतरी लिहून ठेवला पाहिजे, असे तुम्हांला वाटेल. सुरुवातीला सर्वांना तसेच वाटले होते. १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये फर्नांदो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची व्यवस्था केली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून त्यांनी परवलीचे शब्द दिले, आणि ते सगळे शब्द एका फाइलमध्ये जसेच्या तसे ठेवले. १९६२ साली अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याला आलेला वेळ पुरेना. त्याने एक छिद्रित कार्ड तयार करून संगणकाला ती फाइल छापून देण्याची विनंती केली. संगणकाने ती आज्ञाधारकपणे छापून दिली! पुढे कितीतरी दिवस शेरसाहेब इतरांच्या नावावर गणिते सोडवत होते.

असे होऊ नये म्हणून युक्ती निघाली ती केंब्रिज विद्यापीठात. रॉजर नीडम यांची ही कल्पना, आणि मॉरिस विल्क्स यांनी १९६८ सालच्या आपल्या पुस्तकात ती सांगितली आहे. शब्द ठेवायचाच नाही. त्याचा फक्त ठसा ठेवायचा. ठसा असा, की शब्दावरून ठसा चटकन काढता यावा, पण ठशावरून शब्द काढता येऊ नये. चहात दूध मिसळणे सोपे. मिसळलेले दूध वेगळे काढणे मात्र जमत नाही. आम्हा भौतिकीच्या मंडळींना अशा परत न फिरणाऱ्या क्रियांची सवय असते. गणितात मात्र तशी क्रिया मुद्दाम शोधावी लागते.

एक लहानसे उदाहरण कागदावर करून पाहा. समजा, तुमचा पिन ४२७१ आहे. त्याचा वर्ग करा : १,८२,४१,४४१. याला ९९७ ने भागा. भागाकार सोडून द्या, फक्त बाकी ठेवा. ती येते ३२९. संगणकाने आपल्या वहीत फक्त ३२९ लिहिले. उद्या तुम्ही पुन्हा ४२७१ लिहिलेत की तो तेच गणित करील, ३२९ येते का ते पाहील आणि दार उघडील. चोराने वही पाहिली तरी त्याला मिळाले काय? फक्त ३२९.

हे उदाहरण खेळण्यातले आहे, हे आधीच सांगतो. कारण १७११ चा वर्ग करून ९९७ ने भागले तरी बाकी ३२९ च येते! ० ते ९९९९ मध्ये असे वीस आकडे आहेत आणि त्यांपैकी कोणताही हे दार उघडील. शिवाय दहा हजार आकडे एकामागून एक करून पाहण्यास संगणकाला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. म्हणून खऱ्या पद्धतीत ठसा फार मोठा असतो. विंडोजमध्ये तो १२८ बिटांचा असतो, म्हणजे ३४ च्या पुढे ३७ शून्ये लिहिल्यावर जेवढी संख्या होईल सुमारे तेवढे निरनिराळे ठसे संभवतात. तरीही तुमचा शब्द ‘१२३४५६’ असला तर ठसा कितीही मोठा असून उपयोग नाही. चोर नेहमीच्या शब्दांचे ठसे आधीच काढून ठेवतो आणि नुसते ताडून पाहतो.

यावर बेल लॅबोरेटरीजमधील रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्पसन यांनी युनिक्स प्रणालीसाठी केलेल्या तोडग्याचे नाव गमतीदार आहे. त्यांनी १९७९ साली तो लिहून प्रसिद्ध केला. ठसा काढण्यापूर्वी शब्दात प्रत्येकासाठी वेगळी अशी एक चिमूटभर संख्या मिसळायची. तिचे नाव ‘मीठ’! दोघांचा शब्द एकच असला तरी मीठ वेगळे, म्हणून ठसा वेगळा. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांत आजही असे मीठ असते. विंडोजच्या मूळ ठशात ते नाही. ठशांची वही मात्र आणखी एका गुप्त लिपीत गुंडाळलेली असते. मला विचाराल तर मीठ असते तर बरे झाले असते.

मुद्दा एवढाच, की हा सगळा व्यवहार तुमच्या यंत्राच्या आत होतो. वायर काढून टाका, वाय-फाय बंद करा, गावचे इंटरनेट चार दिवस गेलेले असू द्या, काही बिघडत नाही.

दूरच्या कार्यालयाचा होकार

२०१२ साली विंडोज ८ बाजारात आली आणि घरच्या संगणकावर ऑनलाइन खात्याने प्रवेश करण्याची पद्धत रूढ होऊ लागली. आता ठसा मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या दूरच्या संगणकांत असतो आणि तपासणी तेथे होते. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये तर होम आवृत्तीची पहिली जुळणी करतानाच इंटरनेट आणि ऑनलाइन खाते मागितले जाऊ लागले. पुढच्या वर्षी घरगुती वापराच्या प्रो आवृत्तीलाही हा नियम लागू झाला.

इंटरनेट बंद असताना मग लॅपटॉप उघडतो कसा? मागच्या यशस्वी तपासणीची एक खूण संगणक स्वतःजवळ ठेवतो आणि तिच्यावर भागवतो. त्यामुळे कधी कधी मोठी मौज होते. तुम्ही मोबाइलवरून खात्याचा पासवर्ड बदललात आणि लॅपटॉप मात्र इंटरनेटपासून दूर आहे. तर तो जुनाच शब्द मागत राहतो. बदल झाल्याची बातमी बिचाऱ्याला पोहोचलेलीच नसते. चार आकडी पिनची गोष्ट आणखी निराळी आहे. तो ऑनलाइन खाते असूनही दूर कोठे जात नाही. तो त्याच यंत्रापुरता असतो आणि त्याची तपासणी बहुधा आतील एका छोट्या सुरक्षा-चिपच्या मदतीने होते. बरेच चुकीचे प्रयत्न झाले की ही चिप काही काळ उत्तर देणेच थांबवते. म्हणून दहा हजारच शक्यता असूनही पिन टिकून राहतो.

ऑनलाइन खात्याचे फायदे नाकारण्यात अर्थ नाही. शब्द विसरला तर तो मोबाइलवरून पुन्हा ठरवता येतो. हरवलेला लॅपटॉप कोठे आहे ते नकाशावर पाहता येते. दोन यंत्रांवर एकच मांडणी मिळते. तरी पण आपण विकत घेतलेल्या वस्तूचे दार उघडताना कोणा तिसऱ्याच्या नोंदवहीत नाव असलेच पाहिजे, ही सक्ती पुष्कळांना पसंत नाही, आणि मलाही नाही. एकच लॅपटॉप सगळे घर वापरते, तेथे ते खाते नेमके कोणाचे, हाही प्रश्न असतोच. या प्रश्नाने आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीला कसे नऊ दिवस अडकवले, ते ऐका.

अठ्ठेचाळीस आकडे

ही मुलगी अकरावीत होती. घराच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून दोन पावसाळे तिने रोज पाऊस आणि तापमान मोजले होते. पहिल्या वर्षाच्या नोंदी वहीत होत्या. दुसऱ्या वर्षाच्या फक्त लॅपटॉपवर. एके सकाळी लॅपटॉपच्या मूळ आज्ञावलीत काही सुधारणा आपोआप बसवली गेली आणि यंत्र पुन्हा सुरू झाले ते निळा पडदा घेऊनच. त्यावर लिहिले होते : पुनःप्राप्तीची किल्ली द्या. किल्ली अठ्ठेचाळीस आकड्यांची! तिला पिन पाठ होता, पण तो आता कोणी विचारतच नव्हते.

“सर, मी तर कधी कुलूप लावलंच नव्हतं,” ती म्हणाली. तिचे खरे होते. कुलूप संगणकानेच लावले होते.

हे कसे, ते समजून घेऊ. परवलीचा शब्द फक्त दारावरचा पहारा आहे. कोणी लॅपटॉप उघडून आतली डिस्क काढली आणि दुसऱ्या संगणकाला जोडली, तर पहाऱ्याचा काय उपयोग? म्हणून पुष्कळ नव्या लॅपटॉपांत डिस्कवरील सर्व माहिती गुप्त लिपीत लिहिली जाते. विंडोजमधील या सोयीचे नाव बिटलॉकर. रोज ती लिपी उलगडण्याची किल्ली त्या छोट्या सुरक्षा-चिपकडे असते. संगणक सुरू होताना प्रत्येक महत्त्वाच्या आज्ञावलीचा ठसा काढला जातो (पुन्हा आपला ठसाच) आणि तो कालच्यासारखा असेल तरच चिप किल्ली देते. मूळ आज्ञावली बदलली की ठसा बदलतो. चिपला वाटते कोणीतरी दार फोडत आहे, आणि ती हाताची घडी घालून बसते. अशा वेळेसाठी एक जादा किल्ली तयार केलेली असते, ती म्हणजे हे अठ्ठेचाळीस आकडे.

ती जादा किल्ली कोठे असते? तुम्ही ऑनलाइन खात्याने प्रथम प्रवेश करता, तेव्हा ती गुपचूप त्या खात्यात जाऊन बसते. आता आमच्या विद्यार्थिनीची अडचण तुमच्या ध्यानात येईल. लॅपटॉप घेतला त्या दिवशी दुकानातल्या माणसाने, “तुम्ही कशाला त्रास घेता” म्हणून, दुकानाच्याच ईमेलवर खाते उघडून दिले होते. किल्ली दुकानाच्या खात्यात होती, आणि ते खाते चालवणारा नोकर काम सोडून दुसऱ्या गावी गेला होता. आठ दिवस शोधाशोध झाली. नवव्या दिवशी त्याचा फोन लागला आणि त्याने एकेक आकडा वाचून दाखवला.

वाचताना एके ठिकाणी ऐकण्यात चूक झाली, आणि संगणकाने लगेच नेमका तोच सहा आकड्यांचा गट चुकला असल्याचे सांगितले. तिला मोठे नवल वाटले. बरोबर किल्ली काय आहे हे यंत्राला माहीत असेल तर ते विचारते कशाला, आणि माहीत नसेल तर चूक कळली कशी? याचे उत्तर तुमच्या पाचवी-सहावीच्या गणितात आहे. या किल्लीचे सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात, आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो! उदाहरणार्थ, १३५७९५ घ्या. एकाआड एक आकड्यांची बेरीज करा : १ + ५ + ९ = १५ आणि ३ + ७ + ५ = १५. दोन्ही बेरजा सारख्या, म्हणून ११ ने भाग जातो. आता घाईत ७ आणि ९ यांची अदलाबदल करून १३५९७५ लिहा. बेरजा येतात १३ आणि १७. फरक ४, भाग जात नाही, चूक पकडली. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन निरनिराळे आकडे उलटसुलट झाले, तर ११ ची कसोटी ते हमखास पकडते. का पकडते, ते स्वतः सिद्ध करून पाहा. दहावीच्या विद्यार्थ्याला जमण्यासारखे आहे.

प्रत्येक गटाला ११ ने भागले की येणारी संख्या ६५,५३६ पेक्षा लहान असते, म्हणजे ती १६ बिटांत मावते. आठ गटांचे मिळून १२८ बिट. सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या लावून पाहणारे यंत्र तुमच्याजवळ असले, तरी सगळ्या किल्ल्या संपवायला विश्वाच्या आजवरच्या १३८० कोटी वर्षांच्या वयाच्या सत्तर-ऐंशी कोटी पट काळ लागेल. म्हणून ‘कोणी हुशार मुलगा उघडून देईल’ ही आशा येथे धरू नये. त्या नोकराचा फोन लागला नसता तर त्या पावसाळ्याच्या नोंदी गेल्याच होत्या.

आता घर बदलू या

स्थानिक खात्यावर जाण्याचे काम पाच मिनिटांचे आहे. त्याआधीची तयारी महत्त्वाची.

प्रथम किल्ली हाती घ्या. शोधपट्टीत ‘बिटलॉकर’ हा शब्द इंग्रजीत टाइप केला की त्याची व्यवस्था पाहण्याचे पान उघडते. तेथे कुलूप चालू दिसले, तर किल्लीची प्रत काढण्याची सोयही दिसेल. ती पेनड्राइव्हवर घेता येते किंवा कागदावर छापता येते. त्याच कुलूपबंद डिस्कवर ठेवायला गेलात तर संगणक नकार देतो, आणि ते योग्यच आहे. तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवून कसे चालेल? कागदावर उतरवलीत तर प्रत्येक गटाला ११ ने भाग जातो ना, ते तपासा आणि कागद घरात रेशनकार्ड, जन्मदाखले असतात त्या फाइलमध्ये ठेवा.

दुसरी तयारी फायलींची. वनड्राइव्ह ही सोय चालू असेल, तर काही फायली पडद्यावर दिसतात पण प्रत्यक्षात डिस्कवर नसतात. त्यांच्यापुढे ढगाचे छोटे चित्र असते. हव्या असलेल्या अशा फायली आधी खाली उतरवून घ्या.

मग सेटिंग्जमध्ये जा. तेथे अकाउंट्स, त्यात युअर इन्फो, आणि तेथे ‘साइन इन विथ अ लोकल अकाउंट इन्स्टेड’ ही ओळ आहे. ती दाबली की संगणक आपली ओळख पुन्हा एकदा पटवून घेतो, नवे नाव व नवा परवलीचा शब्द विचारतो आणि शेवटी ‘साइन आउट अँड फिनिश’ म्हणतो. झाले! फायली, चित्रे, बसवलेल्या आज्ञावली, सर्व जागच्या जागी राहते. डिस्कवरचे कुलूपही तसेच राहते. तुमच्या फायलींच्या मूळ फोल्डरचे नावसुद्धा बदलत नाही. ते ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांवरून पडलेले असते. त्यामुळे दुकानाच्या ईमेलचे तुकडे तेथे दिसत राहिले तर घाबरू नका. त्या नावाला हात लावायच्या भानगडीत मात्र पडू नका.

खाते दुकानदाराच्या नावाचे असेल तर आणखी एक पायरी आहे. तुम्ही स्थानिक झालात तरी जुनी जादा किल्ली त्याच्या खात्यात राहतेच. लॅपटॉप हाती असल्याशिवाय तिचा उपयोग नाही, हे खरे. पण मन शांत राहत नाही. अशा वेळी डिस्कची गुप्त लिपी बंद करून सर्व माहिती उलगडू द्यावी. याला वेळ लागतो, म्हणून चार्जर लावून ठेवावा. नंतर ती पुन्हा चालू करावी, म्हणजे नवी किल्ली तयार होते आणि जुनी निरुपयोगी ठरते. होम आवृत्तीत पुन्हा चालू करण्यासाठी ऑनलाइन खाते लागते. ते आईच्या किंवा वडिलांच्या नावाचे असावे, नवी किल्ली छापून घ्यावी आणि मगच स्थानिक खात्यावर यावे. पहिल्यापासून फक्त स्थानिक खातेच वापरलेल्या यंत्रात वेगळीच गोष्ट आढळते. तेथे माहिती गुप्त लिपीत असली, तरी तिची किल्ली डिस्कवरच उघडी पडलेली असते. कुलूप लावले, पण किल्ली कुलपालाच लोंबत आहे, असा प्रकार!

पुढे कधी एखादी आज्ञावली ऑनलाइन खाते मागेल. ते दिलेत की संगणक विचारतो, हे खाते या यंत्रावर सगळीकडे वापरू का? घाईने ‘पुढे’ दाबलेत तर स्थानिक खाते पुन्हा ऑनलाइन होऊन बसते. त्या एका आज्ञावलीपुरतेच वापरण्याचा पर्याय तेथेच बारीक अक्षरात असतो.

स्थानिक खात्याचा शब्द विसरलात तर दूरचे कार्यालय मदतीला येत नाही. म्हणून विंडोज तुम्हांला तीन प्रश्नांची उत्तरे आधीच देऊन ठेवायला सांगते. हे प्रश्न ज्याने तयार केले त्याने आपल्याकडची घरे पाहिली नसावीत. लहानपणचे लाडाचे नाव काय? ते अख्ख्या आळीला ठाऊक असते. सर्वांत मोठ्या चुलत किंवा मावस भावंडाचे नाव काय? दिवाळीला जमलेले कोणतेही पोर सांगेल. पहिली शाळा कोणती? वर्गातल्या सगळ्यांची तीच. पण तुम्ही कोणत्या शाळेत गेलात हे संगणकाला कोठे माहीत आहे? तो फक्त आजचे उत्तर आणि तेव्हाचे उत्तर जुळते का, एवढेच पाहतो. तेव्हा शाळेचे नाव म्हणून ‘भिजलेली छत्री ४७’ असे लिहायला काहीच हरकत नाही, आणि तेही त्या अठ्ठेचाळीस आकड्यांच्या कागदावरच खाली लिहून ठेवा.